संतांचे चरित्र म्हणजे सातबारा नव्हे

२०२४ च्या उत्तरार्धात भारतातल्या दोन समाधिस्थानांवरून काही आठवड्यांच्या अंतराने वाद उभे राहिले. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाचा दर दहा वर्षांनी होणारा सोहळा २१ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. त्याच्या तोंडावर, हे शव झेवियर यांचे नसून श्रीलंकेतील एका बौद्ध भिक्षूचे असल्याच्या जुन्या दाव्याचा आधार घेऊन त्याची डीएनए चाचणी करण्याची मागणी झाली आणि गोव्यात लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरच्या अखेरीस अजमेरच्या दिवाणी न्यायालयाने, ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याच्या जागी पूर्वी शिवमंदिर होते, असे म्हणणाऱ्या दाव्यात नोटिसा काढल्या. पुढे १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रार्थनास्थळांविषयी नवे दावे नोंदवून घेण्यास आणि चालू दाव्यांत परिणामकारक आदेश देण्यास देशभर मनाई केली, म्हणून अशा दाव्यांना तेव्हा लगाम बसला.

या दोन्ही वादांत एक गोष्ट समान होती आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. संताविषयी सांगितली जाणारी कथा हा घडलेल्या घटनेचा दस्तऐवज आहे, हे वादी आणि प्रतिवादी दोघांनीही गृहीत धरले होते. ख्वाजांनी नव्वद लाख लोकांना इस्लाममध्ये आणले, असे भक्तिभावाने सांगणारा खादीम, म्हणजे दर्ग्याचा सेवेकरी, आणि तोच आकडा आरोपपत्रासारखा फडकवणारा विरोधक यांच्यात पुराव्याविषयी कोणताही मतभेद नाही. मतभेद आहे तो फक्त त्या पुराव्याचा अभिमान बाळगावा की राग धरावा, एवढ्यापुरता. माझे म्हणणे असे आहे की हा पुरावाच मुळात त्या जातीचा नाही. संतचरित्राला इतिहासाच्या कामी लावण्याचे काही रीतसर मार्ग आहेत, परंतु जमिनीची मालकी किंवा एखाद्या समाजाचा गुन्हा त्यातून सिद्ध करणे हा त्यांपैकी एकही नव्हे.

अजमेरचेच उदाहरण पुढे नेऊ. ख्वाजांचे निधन १२३६ मध्ये झाले असे मानले जाते. त्यांच्याच परंपरेतील दिल्लीचे निजामुद्दीन औलिया यांची संभाषणे त्यांचे शिष्य अमीर हसन यांनी १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवली. संताच्या बैठकीतील बोलणे तारीखवार टिपणाऱ्या या प्रकाराला मलफुजात म्हणतात आणि त्या वर्गातला हा सर्वांत विश्वासार्ह ग्रंथ मानला जातो. त्यात अजमेरच्या ख्वाजांविषयी जवळजवळ काहीच नाही. पृथ्वीराज चौहानाला आपण जिवंत पकडून दिले, हे ख्वाजांच्या तोंडचे वाक्य चौदाव्या शतकाच्या मध्यावर रचलेल्या चरित्रग्रंथात येते, म्हणजे त्यांच्या निधनानंतर शंभरहून अधिक वर्षांनी. चमत्कारांची गर्दी तर सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या चरित्रांत होते, जेव्हा दर्ग्याला मोगल दरबाराचा आश्रय मिळालेला असतो. अकबराला प्रथम अजमेरची ओढ लागली तीही एखादा ग्रंथ वाचून नव्हे. शिकारीला जाताना वाटेत गवयांच्या तोंडून ख्वाजांची गाणी ऐकून लागली, असे त्याच्या दरबारी इतिहासकाराने लिहिले आहे. १५७० मध्ये तो आग्र्याहून पायी अजमेरला गेला आणि त्यानंतर चरित्रातील ख्वाजा उत्तरोत्तर बादशहाला शोभेसे होत गेले. आता विरुद्ध बाजूचा पुरावा पाहा. दाव्यात ज्या १९११ च्या इंग्रजी पुस्तकाचा आधार घेतला आहे, त्याच्या लेखकाने तळघरातील महादेवाची हकीकत ‘परंपरा असे सांगते’ या शब्दांनीच सुरू केली आहे. एका आख्यायिकेला उत्तर म्हणून दुसरी आख्यायिका पुढे केली गेली आणि दोन्हींना न्यायालयात इतिहासाचा पोशाख चढवला गेला.

संतचरित्रे कशी घडतात आणि कशी प्रवास करतात, हे ज्याला पाहायचे आहे त्याने बोरिवलीजवळच्या कान्हेरीपर्यंत जावे. साष्टी बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात असताना गोव्याच्या दफ्तरखान्याचा प्रमुख आणि इतिहासकार दियोगो दो कौतो हा कान्हेरीची लेणी पाहायला आला होता. त्याला एक जुने कोडे सोडवायचे होते. मध्ययुगीन युरोपात जोसाफात नावाच्या एका ख्रिस्ती संताची कथा घरोघरी माहीत होती. हिंदुस्थानातील एका राजाला मुलगा होतो. तो संन्यासी होईल असे भाकीत होते. राजा त्याला दुःख दिसू नये म्हणून महालात कोंडून वाढवतो. तरी त्याला एक दिवस रोगी, वृद्ध आणि मृत्यू दिसतो, आणि बार्लाम नावाच्या तपस्व्याच्या उपदेशाने तो राज्य सोडून ख्रिस्ती वैराग्य पत्करतो. गोव्यात राहून बुद्धाची कथा ऐकलेल्या कौतोला दोन्हींतील साम्य खटकले. कान्हेरीत त्याने एका म्हाताऱ्याला विचारले की ही लेणी कोणी खोदली, तेव्हा म्हाताऱ्याने बिनदिक्कत सांगितले की संत जोसाफातच्या बापाने, मुलाला एकांतात वाढवण्यासाठी. पाहुण्याला काय ऐकायचे आहे हे स्थानिक वाटाड्याला तेव्हाही बरोबर कळत असावे. पण कौतोचा तर्क योग्य दिशेने गेला: हा जोसाफात म्हणजेच बुद्ध असू शकेल, असे त्याने आपल्या बखरीत लिहिले आणि ती १६१२ मध्ये छापली गेली. युरोपातील पंडितांनी हीच गोष्ट साधार मांडायला १८६० च्या आसपासचा काळ उजाडला.

ही कथा बौद्धांकडून इराणमार्गे अरबीत आली, अरबीतून जॉर्जियन भाषेत जाताना ती ख्रिस्ती झाली, आणि तिथून ग्रीक व लॅटिनमधून सगळ्या युरोपभर पसरली. रोमच्या अधिकृत संतसूचीत २७ नोव्हेंबर हा दिवस बार्लाम आणि जोसाफात यांच्या नावे लागला. अरबी रूपातली तीच कथा मुसलमानांतही वाचली जात राहिली. दहाव्या शतकातल्या एका मोठ्या शिया विद्वानाने ती आपल्या ग्रंथात जशीच्या तशी घेतली. तिच्यातल्या राजपुत्राचे नाव फिरत फिरत श्रीनगरच्या खानयार भागातील यूझ आसफ यांच्या कबरीपर्यंत पोहोचले असावे, असे अनेक अभ्यासक मानतात. आणि ती कबर येशू ख्रिस्ताची आहे, असे अहमदिया पंथाच्या संस्थापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जाहीर केले. बुद्धाच्या चरित्राने तीन धर्मांत घरे केली. आता या कथेची मालकी कोणाची, हा प्रश्न जो न्यायालयात नेईल त्याला कोणता सर्व्हे नंबर द्यायचा?

आपल्या ओळखीचेही एक उदाहरण आहे. चांगदेव वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आले आणि ज्ञानेश्वरांनी बसल्या जागी भिंत चालवली, हे चित्र मराठी घरांत लहानपणापासून डोळ्यांसमोर असते. अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, हाजी बेक्ताश या सूफी संताच्या चरित्रात सय्यद महमूद नावाचे दुसरे सत्पुरुष सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन, तीनशे दरवेशांसह भेटीला येतात आणि हाजी बेक्ताश एका खडकावर बसून तो खडक चालवत त्यांना सामोरे जातात. सजीवावर सत्ता चालवणे सोपे, निर्जीवावर चालवणे अवघड, हा निवाडाही दोन्हीकडे तोच. हिंदुस्थानातील कित्येक सूफींच्या चरित्रांत हाच प्रसंग पात्रे बदलून आलेला आहे. माहीमच्या मखदूम अली यांच्याविषयी सांगतात की आईने रात्री पाणी मागितले आणि पाणी आणेपर्यंत तिला झोप लागली, म्हणून ते भांडे धरून सकाळपर्यंत उभे राहिले. नेमकी हीच गोष्ट इराणच्या बायजीद बिस्तामींविषयी त्याच्या कितीतरी आधी लिहिलेली आहे. आईबापांच्या सेवेसाठी देवाला विटेवर उभे करणाऱ्या पुंडलिकाच्या प्रदेशात ही कथा परकी वाटली नाही, यात नवल ते काय?

येथे घाईने एक निष्कर्ष काढला जातो की मग हे सगळे खोटे. तो मला मान्य नाही, कारण तो पुन्हा संतचरित्राला वृत्तांतच समजतो, फक्त नापास झालेला वृत्तांत. मखदूम अली माहिमी (१३७२ ते १४३१) हे कुराणाचे अरबी भाष्यकार म्हणून इतिहासाला पक्के माहीत आहेत. भाष्यकाराची कबर शतकानुशतके कोळ्यांपासून पोलिसांपर्यंत सर्वांना जवळची कशी वाटली, हे त्यांच्या भाष्यावरून कळणार नाही, ते पाण्याच्या भांड्याच्या कथेवरून कळते. त्यांच्या उरुसात मुंबई पोलिसांच्या संदलाचा, म्हणजे कबरीवर चंदन चढवण्याच्या मिरवणुकीचा, मान आहे. संतचरित्र संताविषयी थोडे सांगते आणि ते ज्यांनी सांगितले, ऐकले, गायले त्यांच्याविषयी पुष्कळ सांगते, आणि या दुसऱ्या विषयात त्याची साक्ष बहुधा खरी असते.

हा विवेक बाहेरून, आधुनिक शास्त्राकडून आणावा लागतो, असेही नाही. एकाने निजामुद्दीन औलियांना सांगितले की आपण लिहिलेले पुस्तक मला अमुक ठिकाणी दाखवण्यात आले. त्यावर त्यांनी उत्तर दिले की मी एकही पुस्तक लिहिलेले नाही. त्यांचे उत्तराधिकारी नसीरुद्दीन चिराग यांनी हेच आपल्या परंपरेतील सर्व वडीलधाऱ्यांविषयी सांगितले. तरीही मुईनुद्दीन, कुतबुद्दीन, फरीदुद्दीन यांच्या नावावरची मलफुजात छापली जात राहिली आणि आजही दर्ग्याबाहेरच्या दुकानांत विकली जातात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या खुलताबादलाही हेच दिसते. तिथले सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब (निधन १३३७) यांच्या शिष्यांनी टिपलेली त्यांची संभाषणे उपलब्ध आहेत. त्यांत उपवास, समा (भक्तिगायनाची बैठक), गुरूपुढे कसे बसावे, खोटे कसे टाळावे हे विषय आहेत. सातशे किंवा चौदाशे औलिया पालख्यांतून दख्खन जिंकायला आले, ही आज तिथे सर्वत्र ऐकू येणारी हकीकत त्या समकालीन नोंदींत नाही. ती नंतरच्या शतकांनी, आपल्या राज्यकर्त्यांना साजेशा पूर्वजांच्या शोधात, रचलेली आहे. तिचा आनंद मानणाऱ्यांनी आणि तिला भिणाऱ्यांनी दोघांनीही आधी तिचे वय पाहावे.

ख्रिस्ती बाजूला तर हे काम एका संस्थेने पिढ्यान् पिढ्या केले आहे. जेझुइट या ख्रिस्ती संघाचे जाँ बोलां आणि त्यांचे सहकारी यांनी १६४३ पासून अँटवर्पहून संतांची चरित्रे हस्तलिखिते ताडून, तिथीवार प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यांच्यापैकी पापेब्रोक यांनी, कार्मेलाइट या संन्यासी संघाची स्थापना बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने केली ही दंतकथा आहे, असे लिहिताच तो संघ खवळला आणि स्पेनच्या धर्मन्यायालयाने १६९५ मध्ये त्या खंडांवर बंदी घातली. वीस वर्षांनी ती उठली. काम थांबले नाही. १९६९ मध्ये पोप सहावे पॉल यांनी सार्वत्रिक पंचांगातून सेंट ख्रिस्तोफर यांच्यासह कित्येकांचे सण काढून टाकले, त्यांच्यापैकी अनेकांच्या चरित्रांना इतिहासाचा भरवशाचा आधार नव्हता, हे त्यामागचे एक कारण होते. त्यांचे संतपद कोणी काढून घेतले नाही, आणि प्रवाशांचा राखणदार म्हणून ख्रिस्तोफरची प्रतिमा लोकांच्या गाड्यांतून उतरलीही नाही. पंचांग पंडितांच्या हाती राहिले आणि गाडी चालकाच्या.

झेवियर यांचे प्रकरण या सगळ्यांपेक्षा अवघड आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बहुतेक जुन्या संतांच्या बाबतीत कथा असते आणि कागद नसतात. झेवियर यांची स्वतःची शंभराहून अधिक पत्रे शिल्लक आहेत. त्यांना संतपद देताना विविध भाषा बोलण्याचे दैवी वरदान त्यांच्या नावे नोंदले गेले; पत्रांत मात्र ते दुभाष्यांवाचून आपले किती अडते हे लिहितात आणि प्रार्थना तमिळमध्ये करवून घेऊन पाठ करण्याची धडपड वर्णन करतात. मला विचाराल तर हा धडपडणारा माणूस त्या चमत्कारापेक्षा मोठा आहे. पण त्याच पत्रांत, १५४५ च्या जानेवारीत, बाप्तिस्मा झाल्यावर नवख्रिस्ती लोकांकडून देवळे पाडवताना आणि मूर्ती फोडवताना वाटणाऱ्या आनंदाचे वर्णन आहे; आणि १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला, गोव्यात इन्क्विझिशन (धर्मन्यायालय) आणावे, अशी विनंती आहे. ते आले १५६० मध्ये, झेवियर यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, आणि त्याने गोव्याच्या हिंदूंना, नवख्रिस्त्यांना आणि यहुदी वंशाच्या लोकांना काय भोगायला लावले हे गोव्याला सांगण्याची गरज नाही. ज्याला झेवियर यांच्यावर टीका करायची आहे, त्याच्यासाठी हा त्यांच्या स्वतःच्या हातचा पुरावा तयार आहे. तो सोडून शव कोणाचे याची डीएनए चाचणी मागणे, म्हणजे विचारायला हवा तो प्रश्न सोडून भक्तांना डिवचणारा प्रश्न विचारणे होय. शव समजा दुसऱ्या कोणाचे निघाले, तरी पत्रे झेवियर यांचीच राहतात.

उलट बाजूने, ही पत्रे दाखवली की ‘संताचा अपमान’ म्हणून ओरड करणारे चर्चचे समर्थकही चुकतात. शोध घेण्याचा हक्क नाकारून श्रद्धेचे रक्षण होत नसते. आणि तिसरी चूक आपल्यासारख्या उदारमतवाद्यांची. दर्गे आणि चर्चे म्हणजे सलोख्याची केंद्रे, एवढे एकच वाक्य आपण इतक्या वेळा म्हटले आहे की ज्या पत्रांत किंवा चरित्रांत आक्रमकता आहे ती झाकण्याची आपल्याला सवय लागली. झाकलेले कोणीतरी उघडतेच, आणि उघडणारा ते संदर्भासह उघडत नाही.

मग तीन डिसेंबरच्या फेस्ताला मेणबत्ती घेऊन रांगेत उभा राहणारा गोवेकर, ज्यात हिंदूही असतात, कोणाला नमस्कार करतो? त्या पत्रलेखकाला नव्हे. तो गोंयच्या सायबाला, म्हणजे भक्तांच्या मनातल्या झेवियरला, नमस्कार करतो आणि हा सायब गोव्याने साडेचारशे वर्षांत घडवला आहे. त्याच्या घडणीत मराठ्यांचाही हात आहे, हे आपण सहसा विसरतो. १६८३ च्या नोव्हेंबरमध्ये संभाजी महाराजांनी गोवे शहराजवळचे जुवे बेट घेतले आणि गोवे शहर पडणार असे दिसू लागले, तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने झेवियर यांची शवपेटी उघडवून आपला राजदंड संताच्या हाती ठेवला आणि राज्य वाचवण्याची प्रार्थना केली. काही दिवसांत मोगल शहजादा मुअज्जम मोठी फौज घेऊन घाटाखाली उतरत असल्याची बातमी आली आणि महाराजांना माघार घ्यावी लागली. मराठ्यांच्या इतिहासात ही माघार मोगलांमुळे आहे, गोव्याच्या भक्तिपरंपरेत सायबामुळे. यापैकी पहिले विधान कागदांनी तपासता येते. दुसरे विधान त्या आठवड्यातली गोव्याची भीती किती खोल होती ते सांगते. दोन्ही वाक्ये एकाच शाळेत, एकाच वर्गात शिकवता येतील, फक्त कोणते वाक्य कशाचा पुरावा आहे हे शिक्षकाला सांगता आले पाहिजे.

न्यायालयांना हे जमते का? एकदा तरी चांगले जमले आहे. कल्याणजवळच्या मलंगगडावर कोणी मच्छिंद्रनाथांची समाधी मानतो, कोणी हाजी अब्दुर्रहमान यांची कबर. पेशवाईपासून तिथली व्यवस्था केतकर या ब्राह्मण घराण्याशी जोडलेली आहे. इंग्रजी अमदानीच्या आरंभी कल्याणच्या मुसलमानांनी तिला हरकत घेतली, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या आणि तीनही वेळा कौल केतकरांकडे गेला, असे जुन्या गॅझेटियरमध्ये नमूद आहे. स्वातंत्र्यानंतर व्यवस्थेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने आत कोण निजले आहे याचा निकाल दिला नाही. हे स्थान निव्वळ हिंदू किंवा निव्वळ मुस्लिम कायद्याच्या चौकटीत बसत नसून आपल्या खास रूढीने आणि न्यासांच्या सर्वसाधारण कायद्याने चालते, असे म्हटले. गडाखाली दरवर्षी घोषणा देणाऱ्या दोन्ही बाजूंनी तो निकाल वाचला असेल असे वाटत नाही.

यावर विवेकवादी मित्र विचारतील की मग चरित्राला हात लावायचा नाही, न्यायालयानेही आत डोकवायचे नाही, तर दर्ग्यात आणि तीर्थस्थळी चालणाऱ्या अन्यायाचे काय. त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सोपे आहे: कायद्याने कथेकडे नव्हे, जिवंत माणसांकडे पाहावे. तमिळनाडूतील एरवाडीच्या दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्याला ऑगस्ट २००१ मध्ये आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण जळून मेले. तेथील संतांनी खरोखर वेड बरे केले की नाही, हा प्रश्न त्या चौकशीत अप्रस्तुत होता. साखळी प्रस्तुत होती. हाजी अली दर्ग्याच्या विश्वस्तांनी बायकांना मजारीजवळ जाण्याची बंदी घातली, तेव्हा पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रियांनी जाणे हे घोर पाप आहे, असे त्यांचे म्हणणे होते. मुसलमान बायकांच्याच एका संघटनेने ते उच्च न्यायालयात आव्हानित केले, २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती बंदी रद्द झाली आणि नोव्हेंबरमध्ये बायका पुन्हा आत गेल्या. या सगळ्यात हाजी अली कोण होते, बुडाले की तरले, यावर कोणालाही शपथपत्र द्यावे लागले नाही.

सरकारला आणि विद्यापीठांना या विषयात खरोखर काही करायचे असेल, तर उत्खननाच्या मागण्यांपेक्षा स्वस्त आणि अधिक उपयोगी काम पडून आहे. खुलताबादच्या सूफींची चौदाव्या शतकातील फारसी संभाषणे आणि झेवियर यांची पत्रे सटीप मराठी भाषांतरात, प्रत्येक प्रसिद्ध चमत्कार प्रथम कोणत्या साली आणि कोणी लिहिला याच्या नोंदीसह, सामान्य वाचकाच्या हाती आली पाहिजेत. जुनी फारसी आणि जुनी पोर्तुगीज वाचणारी माणसे मराठीत आता मोजकीच उरली आहेत. छत्रपती संभाजीनगर आणि पणजी येथील विद्यापीठांनी त्यांच्या हाताखाली चार-दोन तरुण बसवले, तर पुढच्या शवप्रदर्शनापूर्वी, म्हणजे २०३४ च्या आत, हे काम पुरे होऊ शकेल.